चष्म्याआडचा क्लार्क

सुपरमॅन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? निळा पोशाख, पाठीवर उपरण्यासारखं फडफडणारं लाल कापड, छातीवरचा 'एस' आणि अंगावर आदळून खाली पडणाऱ्या बंदुकीच्या गोळ्या. १२ सप्टेंबर १९९३ च्या रविवारी रात्री अमेरिकेत एबीसी वाहिनीवर जो सुपरमॅन आला, त्याच्याकडे हे सगळं होतंच. पण त्याची खरी अडचण निराळी होती. ऑफिसात शेजारी बसणारी मुलगी त्याला फारसा भाव देत नव्हती, आणि तीच मुलगी आकाशातून उडत येणाऱ्या सुपरमॅनवर मात्र फिदा होती. म्हणजे या बिचाऱ्याचा प्रतिस्पर्धी कोण, तर तो स्वतःच!

मालिकेचं नाव होतं 'लोइस अँड क्लार्क : द न्यू ॲडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन'. नावातला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी नायिका, मग चष्मेवाला वार्ताहर आणि सगळ्यात शेवटी सुपरमॅन. लोइस झाली होती टेरी हॅचर आणि क्लार्क डीन केन. मालिकेची मांडणी डेबोरा जॉय लेव्हाइन या लेखिकेची. ठोसे आणि स्फोट मागे सारून तिने टेबलाटेबलामधली जुगलबंदी पुढे आणली. तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली, की सुपरमॅनची ही काय प्रेमकथा करून टाकली! मला मात्र या गोष्टीचा इतिहास वाचताना असं वाटत गेलं, की लेव्हाइनबाईंनी मूळ गोष्ट बिघडवली नाही. मुळात होतं तेच त्यांनी पुढे आणलं, आणि एक जुना प्रश्न नव्याने विचारला : या दोघांतला खरा कोण?

मूळ गोष्ट ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरातली. जेरी सीगल आणि जो शूस्टर हे ग्लेनव्हिल हायस्कूलमधले दोन मित्र. दोघंही ज्यू स्थलांतरितांची मुलं. शूस्टरचा तर जन्मही टोरांटोचा. एक लिहायचा, दुसरा चित्रं काढायचा. १९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात त्यांचा सुपरमॅन छापून आला. त्याचे सगळे हक्क त्यांनी अवघ्या १३० डॉलरना विकून टाकले, आणि त्यापायी पुढची अनेक वर्षं ते झगडत राहिले. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आपल्या कामाची गोष्ट अशी, की त्या पहिल्याच अंकात लोइस लेन आहे. क्लार्क तिला आपल्याबरोबर बाहेर येशील का म्हणून विचारतो, आणि ती उपकार केल्यासारखी हो म्हणते. नाचाच्या ठिकाणी एक दांडगट मध्ये घुसतो, तेव्हा आपलं गुपित फुटू नये म्हणून क्लार्क शेपूट घालतो. लोइस त्या दांडगटाच्या थोबाडीत देते, क्लार्कला भित्रा म्हणते आणि तडक निघून जाते. पुढे तिला त्याच दांडगटाच्या तावडीतून सोडवायला येतो तो अर्थातच सुपरमॅन. दोन पुरुषांचा एकच देह, आणि एका पुरुषावर भाळून दुसऱ्याला झिडकारणारी नायिका : प्रेमविनोदाचा सगळा मसाला पहिल्या अंकातच तयार होता.

ही युक्तीही काही सीगल-शूस्टरांनी शोधलेली नव्हती. त्यांच्या आधी 'स्कार्लेट पिंपर्नेल' होता, झोरो होता. दोघेही दिवसा गुळमुळीत आणि वेशांतर केलं की शूर. आपल्याकडे तर अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली 'संगीत सौभद्र' रंगभूमीवर आणलं. त्यात सुभद्रा मनातल्या मनात अर्जुनासाठी झुरते, आणि समोर संन्याशाच्या वेषात बसलेला अर्जुनच तिला ओळखू येत नाही! सुपरमॅन पाहताना मुलं हमखास विचारतात, "फक्त चष्मा लावल्यावर तिला कसं कळत नाही?" त्यांना सांगावं, बाळांनो, भगव्या कफनीवरही आमचं दीडशे वर्षांच्या आसपास छान भागतं आहे.

पण या न कळण्याची किंमत लोइसला मोजावी लागली. कॉमिकच्या पानांवर हुशार, धडाडीची वार्ताहर म्हणून जन्मलेली ही बाई हळूहळू चेष्टेचा विषय होत गेली. १९५८ साली तिच्या नावाचं स्वतंत्र कॉमिक निघालं आणि ते १९७४ पर्यंत चाललं. पण त्याचं नावच 'सुपरमॅन्स गर्लफ्रेंड, लोइस लेन'! त्यातल्या कितीतरी गोष्टींत ती एकतर सुपरमॅनचं गुपित फोडायच्या मागे, नाहीतर त्याच्याशी लग्न जुळवायच्या मागे, आणि दर वेळी तो तिला शहाणपणाचा धडा देणार. १९७८ च्या चित्रपटात मार्गो किडरने लोइसला पुन्हा तेज दिलं खरं, पण १९८० च्या दुसऱ्या चित्रपटात काय होतं पाहा. लोइसला खरं कळतं, दोघं जवळ येतात, आणि शेवटी क्लार्क एक चुंबन घेऊन तिची ती आठवणच पुसून टाकतो. तिच्या भल्यासाठी म्हणे! तिला कुणी विचारलं नाही.

त्या चित्रपटांमध्ये, आणि त्यांच्या आधीच्या बऱ्याच कॉमिक्समध्ये, एक गोष्ट गृहीत धरलेली होती. सुपरमॅन खरा, आणि क्लार्क हे सोंग. ख्रिस्तोफर रीव्हने ते सोंग काय सुरेख वठवलं आहे! खांदे पाडून चालणारा, अडखळणारा, चष्मा सावरणारा क्लार्क. १९८६ साली जॉन बर्न या चित्रकार-लेखकाने कॉमिकमध्ये सुपरमॅनची गोष्ट पहिल्यापासून मांडली आणि हे गणित उलटं केलं. त्याचा क्लार्क हाच मूळ माणूस. कॅन्ससच्या शेतावर वाढलेला, आईबाप हयात असलेला. उडणं आणि लाल कापड हे त्याचं काम.

लेव्हाइनबाईंनी नेमका हाच धागा उचलला. सुरुवातीला तर मालिका लोइसच्याच नावाने करायचं चाललं होतं. पहिल्या भागातला क्लार्क जगभर भटकून मेट्रोपोलिस शहरात नोकरी शोधायला येतो. संपादक पेरी व्हाइट त्याला वाटेला लावतो. मग पाडल्या जाणाऱ्या एका जुन्या थिएटरवर तो असा काही लेख लिहून आणतो, की नोकरी मिळते. इथे कुठलीही अतिमानवी शक्ती कामाला येत नाही. पोशाख त्याची आई शिवते, घरच्या मशीनवर. लोक आपल्याला ओळखतील अशी धास्ती त्याला वाटते, तेव्हा त्या घट्ट पोशाखाकडे बघून आई सांगते, की काळजी नको, तुझ्या चेहऱ्याकडे कुणाचं लक्षच जाणार नाही. दर थोड्या दिवसांनी हा मुलगा कॅन्ससला उडत जातो आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आईबाबांना विचारतो, की आता मी काय करू?

मी २००५ साली इथे एमएस संपवून पहिल्या नोकरीला लागलो, त्याच वर्षी या मालिकेच्या पहिल्या सीझनची डीव्हीडी निघाली. दोन वर्षांनी लग्न झालं, आणि गावच्या पब्लिक लायब्ररीतून आणून आम्ही दोघांनी ती पाहिली. सौ. पुण्यात चांगली इंजिनिअर म्हणून काम करत होती. इथे एच-४ व्हिसावर तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती. दिवसभर घरात बसून ती लोइसची ऑफिसातली धावपळ बघायची. मला वाटायचं, तिला क्लार्क आवडत असेल. एका रात्री तिने डीव्हीडी थांबवली आणि म्हणाली, "हा तिच्यावर प्रेम करतो ना? मग रोज खोटं का बोलतो? ती मूर्ख नाहीये, तिला कुणी सांगतच नाहीये."

गंमत म्हणजे मालिका लिहिणाऱ्यांनाही हे पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या सीझनमध्ये टेम्पस नावाचा खलनायक भविष्यकाळातून येतो आणि चष्मा लावून-काढून लोइसची यथेच्छ टिंगल करतो, की एवढी मोठी पत्रकार आणि एवढंही दिसलं नाही? मे १९९५ मध्ये त्या सीझनच्या शेवटी क्लार्क लोइसला मागणी घालतो, आणि नवा सीझन सप्टेंबरमध्ये सुरू होतो तो लोइसच्या उलट प्रश्नाने : ही मागणी नक्की घालतंय कोण, क्लार्क की सुपरमॅन? तिने आपणहून ओळखलेलं असतं. पण ती लगेच आनंदाने उड्या मारत नाही. ती दुखावते. दोन वर्षं शेजारी बसणाऱ्या माणसाने आपल्यावर एवढाही विश्वास टाकला नाही, याचा तिला राग येतो, आणि ती मागणी तशीच राहते. नोव्हेंबरमधल्या एका भागात क्लार्कच्या शक्ती काही काळ तिच्या अंगात येतात. चोवीस तास लोकांच्या हाकेला धावणं म्हणजे काय, हे तिला स्वतः अनुभवून कळतं, आणि मग तीच त्याला मागणी घालते. पंधरा वर्षांपूर्वी तिची आठवण पुसणारा सुपरमॅन आठवा, म्हणजे गाडी किती पुढे आली ते लक्षात येईल.

आता या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय? माझं नाव ज्ञानेश. इथे आल्यावर पहिल्याच प्रोजेक्टवर मी 'डॅन' झालो. क्लायंटसमोर बोलणारा डॅन थोडा हळू बोलतो, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगवेगळे उच्चारतो, दर सोमवारी फुटबॉलच्या सामन्याविषयी दोन वाक्यं टाकतो. आपल्या मंडळात असे डॅन, सॅम आणि सॅंडी किती आहेत ते मोजायला हाताची बोटं पुरणार नाहीत. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तो आपला कामाचा पोशाख आहे. पडद्यावर क्लार्क झालेल्या डीन केनचं जन्मनाव डीन जॉर्ज तनाका. जपानी वंशाच्या आजोबांकडून आलेलं ते आडनाव जाऊन सावत्र वडिलांचं लागलं. स्थलांतरितांच्या मुलांनी रचलेल्या नायकाची भूमिका अशाच एका नातवाकडे गेली होती.

प्रश्न येतो तो पुढच्या पिढीचा. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. घरून काम करताना तिला माझे दोन्ही आवाज ऐकू येतात. एकदा तिने सहज विचारलं, "बाबा, तुझा खरा आवाज कुठला?" तिचा प्रश्न आणि सौ.चा तो जुना प्रश्न मला एकाच जातीचे वाटतात. बाहेर काय सोंग घेता त्याची तक्रार नाही. घरात ज्यांच्यासमोर ते उतरवायचं, त्यांना तरी आतला माणूस दाखवता की नाही, एवढंच त्या विचारत असतात.

मालिकेचा शेवट मात्र गोड झाला नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये लग्नाचा भाग वाजतगाजत जाहीर झाला, आणि बोहल्यावर उभी राहिली ती लोइसची नक्कल, लेक्स लूथरची कारस्थानी निर्मिती. ती बेडूक खायची! मग खरी लोइस स्मृती हरवून बसली. प्रेक्षक वैतागले. अखेर ६ ऑक्टोबर १९९६ ला खरोखरचं लग्न लागलं. कॉमिकमध्येही त्याच सुमारास लागलं. तिथला साखरपुडा तर १९९० मध्येच झाला होता, पण मालिकेबरोबर जमावं म्हणून लग्न लांबणीवर टाकलं. त्या रिकाम्या जागी लेखकांनी १९९२ साली सुपरमॅनला चक्क मारलं, आणि तो अंक तुफान खपला. टीव्हीवर मात्र लग्नानंतर प्रेक्षक घटत गेले, आणि १४ जून १९९७ ला मालिका अर्धवट संपली. शेवटच्या प्रसंगात नवराबायकोच्या घरात एक तान्हं बाळ येतं. ते कुणाचं, कुठून आलं, हे मालिकेत सांगितलेलं नाही.

"लग्न झालं की प्रेमकथा संपते," असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. पुढच्या इतिहासाने ते खोटं ठरवलं. २०१३ च्या चित्रपटात लोइस क्लार्कला तो जगासमोर येण्याआधीच शोधून काढते. २०२१ ते २०२४ या काळात 'सुपरमॅन अँड लोइस' ही मालिका चालली, त्यात दोघांचा दोन मुलांसह संसार आहे, आणि पहिल्याच भागात बाप मुलांना आपण कोण ते सांगून टाकतो. २०२५ च्या चित्रपटात तर गोष्ट सुरू होते तेव्हाच लोइसला सगळं माहीत असतं. तिला अंधारात ठेवून होणारा विनोद आता कुणाला करावासा वाटत नाही, आणि टीव्हीवर हे वळण पहिल्यांदा घेतलं ते या प्रेमविनोदाने.

तेव्हा मंडळी, थंडीच्या सुटीत मुलांना घेऊन पहिला सीझन जरूर बघा. ग्राफिक्स आज हास्यास्पद वाटतील, फोन विटेएवढे दिसतील, पण संवाद अजून ताजे आहेत. बेडूक खाणारी नवरी तिसऱ्या सीझनमध्ये येते, तेव्हा तिथे जरा सांभाळून. आणि मुलांनी चष्म्याचा प्रश्न विचारला, तर उत्तर द्यायच्या आधी त्यांना एकदा आपलं ऑफिसातलं नाव आणि त्यामागची गोष्ट सांगून टाका.