रडण्याआधीचं मिनिट

भगवतीसूत्राच्या पहिल्या शतकात गौतमस्वामी भगवान महावीरांना विचारतात, गर्भातला जीव तोंडाने घास घेतो का? उत्तर येतं, नाही. तो सगळ्या अंगाने आहार घेतो, सगळ्या अंगाने श्वास घेतो; आईच्या रसहरणी नाडीतून त्याला रस मिळतो. व्याख्यानात हा भाग आला की बायका माना डोलावतात, नाळ त्यांनी पाहिलेली असते ना! मला मात्र पुढचा प्रश्न पडतो. नाळ तुटल्यावर हा जीव एकट्या नाकातोंडाच्या भरवशावर कसा येतो?

याचं अर्धं उत्तर फार जुनं आहे. दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्याला ठाऊक होतं, की गर्भाच्या हृदयात एक भोक असतं, फुप्फुसाच्या धमनीतून महाधमनीत जाणारी एक आडवाट असते, आणि जन्मानंतर दोन्ही बंद होतात. १६२८ मध्ये विल्यम हार्वेने रक्त फिरतं हे मांडलं, तेव्हा या वाटांचा अर्थ लागला. पोटात फुप्फुसांना काम नसतं, म्हणून रक्त त्यांना वळसा घालून जातं. बाकीचं पुढे कळत गेलं. पहिल्या काही श्वासांत फुप्फुसांतलं पाणी शोषलं जातं, ती फुलतात, रक्त तिकडे धावतं. हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब वाढतो आणि भोकावरचा पडदा दारासारखा लागतो. आडवाट मिटायला एक-दोन दिवस जातात. साधारण चौघांतल्या एकाचं ते दार मोठेपणीही नीट चिकटलेलं नसतं, आणि बहुतेकांना ते कधी कळतही नाही.

इतकी विद्या पुस्तकांत होती, तरी न रडलेलं बाळ मेलेलं समजून बाजूला ठेवलं जाई. सगळ्यांचं लक्ष बाळंतिणीकडे. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हर्जिनिया अपगार या भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ठरवलं, की जन्मानंतर एका मिनिटाने बाळाचे ठोके, श्वास, रंग, हातापायांतला जोर आणि चेतना पाहून गुण द्यायचे. माझ्या मते यात गुणांपेक्षा मोठं हे, की कुणीतरी घड्याळ बघून बाळाकडे पाहायला लागलं.

पण घड्याळ होतं इस्पितळात, आणि आपल्याकडची बाळंतपणं घरात. ही दरी गडचिरोलीत बुजवली गेली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. श्वास न घेणाऱ्या बाळाला हवा द्यायची, वजन करायचं, श्वास मोजायचे, उबदार पिशवीत ठेवायचं, जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शनसुद्धा द्यायचं. खेड्यातली बाई तान्ह्याला सुई टोचणार, यावर कुरकुर झालीच. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: तिसऱ्या वर्षापर्यंत, शेजारच्या गावांच्या तुलनेत, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून देशभरच्या आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या, त्यामागे हे काम आहे.

आमच्या ग्वाल्हेरला त्यातलं उबेचं प्रकरण जास्त लागू. इथली जानेवारीतली थंडी थाटीपुरातल्या सरकारी क्वार्टरांच्या भिंतींतूनही आत येते. पोटातल्या उबेतून ओलं बाहेर आलेलं बाळ झपाट्याने गार पडतं. त्याला आपल्यासारखं कुडकुडता येत नाही. पाठीवर, मानेशी साठवलेली तपकिरी चरबी जाळून ते ऊब करतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे ती फार थोडी असते. आपल्या जुन्या घरांत जन्मताच आंघोळ, मग सुतकाचे दहा दिवस मागची खोली. येणाजाणाऱ्यांचे हात लागत नसत, हा त्या खोलीचा फायदा मी मान्य करते. पण ती बहुधा घरातली सगळ्यात गार खोली असे, आणि ती आंघोळ तर नकोच होती. आता पहिला दिवस उलटल्यावरच आंघोळ घाला असं सांगतात, आणि तोवर बाळ पुसून आईच्या छातीवर, कातडीला कातडी लावून.

आशाताई घरी येते तेव्हा आधी आपले हात चोळून गरम करते, मग बाळाचे तळवे आणि पोट चाचपते. तळवे गार, पोट गरम असेल तर बाळाला थंडी वाजतेय. पोटही गार लागलं तर लगेच आईच्या अंगाशी, वर गोधडी, डोक्याला टोपडं, आणि तसंच दवाखान्याकडे.