नाटेकर पितापुत्र आणि टेनिस

श्री. गौरव नाटेकर आता स्पर्धांच्या खेळातून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या टेनिसची हकीकत मात्र त्यांच्या जन्मापूर्वी वीस वर्षे, वडिलांच्या एका पराभवापासून सांगावी लागते.

सांगलीत १९३३ साली जन्मलेले कै. नंदू नाटेकर १९५१-५२ च्या सुमारास कुमारांच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोचले. तेथे रामनाथन कृष्णन यांनी त्यांना हरविले, आणि नंदूंनी टेनिस सोडून बॅडमिंटन जवळ केले. १९५६ साली क्वालालंपूर येथे त्यांनी मिळविलेले आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद हे त्या खेळातील भारतीयाचे पहिलेच. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा बॅडमिंटनचा पहिला मानही त्यांचाच.

१९७२ साली जन्मलेले गौरव टेनिसकडे वळले. वडिलांनी ठेवलेली रॅकेट मुलाने उचलली, असे म्हणण्याचा मोह होतो; पण फटका काही रक्तातून येत नाही. बॅडमिंटनचे फूल भूमीला टेकले की गुण गेला. टेनिसचा चेंडू एकदा उसळू देता येतो. सारी चालच निराळी! गौरव सात वेळा राष्ट्रीय विजेते झाले, डेव्हिस चषकासाठी खेळले. १९९४ साली हिरोशिमाच्या आशियाई क्रीडास्पर्धेत लिअँडर पेस यांच्या जोडीने त्यांनी दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. सांघिक सुवर्णपदकही भारताकडे आले. दोन वर्षांनी अटलांटाच्या कांस्यपदकामुळे पेस घरोघर पोचले. हिरोशिमात अर्धे मैदान दुसऱ्या कोणी सांभाळले होते, हे आपण का विसरावे? त्याच १९९६ सालचा अर्जुन पुरस्कार गौरव यांना मिळाला. पित्यानंतर पस्तीस वर्षांनी, आणि पित्याने हरून सोडलेल्या खेळात.