नव्वद पैशांचा हिशोब

फणसवाडीतून निघाले की काळबादेवी काही मिनिटांच्या चालीवर आहे. मुंबईच्या आकड्याच्या जुगाराचा माग काढायचा तर याच कापडबाजार-सराफकट्ट्याच्या पट्ट्यातून सुरुवात करावी लागते. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातले उघडते आणि बंद होते भाव इथे तारेने येत, आणि त्या भावांतल्या आकड्यांवर लोक पैसे लावत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथले.

या इतिहासाचा उत्तम दस्तऐवज म्हणजे १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा. जुगारअड्ड्याच्या त्यातल्या व्याख्येत आज कापसाच्या आणि सोन्याचांदीच्या भावातले आकडे आहेत, पाऊस पडेल की नाही हे आहे, किती पडेल हेही आहे; पुढे पत्त्यांवरचे आकडे, त्यांची बेरीज आणि सोडतही आहे. शहराने जुगाराची नवी तऱ्हा काढायची आणि कायद्याने मागून येऊन तिची नोंद करायची, असा हा क्रम आहे.

१९६१च्या सुमारास न्यूयॉर्कचे आकडे बंद झाले. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळी मटका सुरू केला, १९६४ साली रतन खत्री यांनी न्यू वरळी मटका. आधी मडक्यात चिठ्ठ्या असत, मग पत्ते आले. नाव मात्र मडक्याचेच राहिले. शून्य ते नऊमधले तीन आकडे काढायचे, तो पाना. त्यांच्या बेरजेतला एकम स्थानचा अंक म्हणजे ओपन. तसाच पुन्हा क्लोज. दोन्ही मिळून जोडी.

आता भाव पाहू. एका आकड्याला रुपयाला नऊ, जोडीला नव्वद. आकडा लागण्याची शक्यता दहात एक, जोडीची शंभरात एक. म्हणजे दोन्हीकडे लावलेल्या रुपयातले सरासरी नव्वद पैसे परत येतात.

पान्याचे गणित अधिक बोलके आहे. भाव बुकीगणिक बदले. हिशोबापुरते तीन वेगळ्या आकड्यांना १४०, दोन सारख्यांना २८० आणि तीन सारख्यांना ६०० धरू. प्रत्येक आकडा काढून परत मडक्यात टाकला, तर ठरावीक पाना येण्याची शक्यता हजारात अनुक्रमे सहा, तीन आणि एक. परतावा ८४, ८४ आणि ६० पैसे. पण एक्का ते दहा अशी चार रंगांची चाळीस पाने घेऊन, काढलेले पान परत न ठेवता तीन काढली, तर एकूण मेळ ९,८८० होतात आणि ठरावीक तीन सारखे त्यांतल्या केवळ चारच मेळांत येतात. सहाशेचा भाव तोच, परतावा मात्र २४ पैशांवर घसरतो. मडक्याच्या जागी पत्ते आले की भाव न बदलता माल असा महाग होऊ शकतो. पंटर भावाकडे पाहतो. शक्यता कुणी पाटीवर लिहीत नाही.

आज मोबाइलवरचा स्लॉट ती लिहितो. परतावा ९६ टक्के, असे तिथे ठळक असते, आणि मटक्याशी ताडून पाहता हा सौदा उदार वाटतो. त्यात फुकटच्या फेऱ्या, दुप्पट-तिप्पट करणारी चिन्हे, बोनस. पण हे सारे त्या ९६ टक्क्यांच्या आतलेच असते, वरचे नाही. दहा रुपये लावून चार परत आले तरी पडद्यावर जल्लोष होतो.

शिवाय हा आकडा प्रत्येक रुपयाचा आहे, प्रत्येक तासाचा नाही. मटक्याचा ओपन रात्री नऊला, क्लोज बाराला. लालबाग-परळचा गिरणी कामगार रोज दोन्ही वेळा रुपया लावत असेल, तर त्याचे दिवसाचे सरासरी नुकसान वीस पैसे. स्लॉटची एक फेरी पाच सेकंदांची धरली तर तासाला ७२० फेऱ्या होतात. रुपयाला चार पैसे गेले तरी तासात २८ रुपये ८० पैसे. मटक्याच्या १४४ दिवसांचे नुकसान स्लॉट एका तासात करतो, तेही अधिक ‘चांगल्या’ भावाने.

यावरून मटका बरा होता असे कुणी समजू नये. पगाराच्या दिवशी पाकीट घरी येण्याआधीच हलके होई, याची झळ गिरणगावातल्या बायकांना पुरेपूर लागली आहे. पण मटक्याला थांबणे भाग होते. ओपन आणि क्लोज यांच्यामध्ये तीन तास होते, त्यात माणूस जेवत असे, पाळीवर जात असे, बायकोचे बोलणे ऐकत असे. सोडत लोकांसमोर होते, ही खत्रींची ख्याती होती. स्लॉटची सोडत कुठल्या यंत्रात होते ते खेळणाऱ्याला दिसत नाही, आणि परवान्याविना चालणाऱ्या ॲपचे ९६ टक्के कुणी तपासलेले नसतात.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. १८८७च्या कायद्यातल्या यादीला जोडलेले हे नवे कलमच म्हणायचे. जुन्या कलमांचा अनुभव सांगतो, की खेळ जागा बदलतो. पावसावरून कापसावर, कापसावरून मडक्यात. म्हणून यापुढे कुणी परताव्याची टक्केवारी पुढे केली, तर वाचकाने दोन प्रश्न विचारावेत. तासाला किती वेळा? आणि सोडत पाहिली कुणी?