अंकोरच्या कांस्यमूर्ती : एक तळटीप

१. अयुथ्थया, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये १३५१ साली स्थापन झालेले सयामी राज्य. या राज्याने १४३१ मध्ये ख्मेरांची (कंबोडियातील बहुसंख्य लोकांची) राजधानी अंकोर जिंकली, तरी दरबारी शिष्टाचार, राजाशी बोलण्याची खास भाषा आणि राजाला देवतुल्य मानण्याची कल्पना जेत्यांनी बहुतांशी जितांकडूनच उचलली. म्हणून मूळ ग्रंथातील सयामी वर्चस्वाचे विधान लष्करी अर्थापुरतेच खरे मानावे. अंकोरहून लुटीत आलेल्या कांस्यमूर्ती १५६९ मध्ये ब्रह्मदेशाचा राजा बायिन्नौंग याने अयुथ्थया जिंकून पेगू या आपल्या राजधानीला नेल्या, सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्या शेजारच्या आराकान राज्याच्या हाती पडल्या आणि १७८४-८५ च्या आराकानवरील स्वारीत ब्रह्मदेशाच्या बोदौपया राजाने त्या तेथील पूज्य महामुनी बुद्धमूर्तीसह आपली राजधानी अमरपुऱ्याकडे आणल्या. त्यांपैकी सहा मंडालेच्या महामुनी मंदिरात आहेत: सिंह, द्वारपाल आणि तीन मस्तकांचा ऐरावत. आपला जो अवयव दुखतो तोच मूर्तीचा चोळला की व्याधी बरी होते, अशी तेथील भाविकांची श्रद्धा असल्याने (मूळचे हे द्वारपाल शैव, याचे कोणाला सोयरसुतक नाही) द्वारपालांची पोटे घासून झिजली आहेत.