‘टॉप’ शोधताना

जुन्या मोटारीचे टायमिंग लावायचे, तर मेकॅनिक आधी म्हणतो, “एक नंबरचा पिस्टन टॉपला आणा.” पिस्टन सिलिंडरमध्ये सर्वांत वर पोहोचतो ती जागा म्हणजे टॉप डेड सेंटर. यातला ‘डेड’ शब्द वाफेच्या इंजिनांच्या काळातला. त्या क्षणी क्रँक आणि कनेक्टिंग रॉड एका रेषेत येतात. पिस्टनला कितीही रेटा, चाक फिरत नाही. जड फ्लायव्हीलच ते पुढे नेते.

सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला इंजिनाची ओळख झाली ती मोटारीपेक्षा विहिरीवर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये तेव्हाच्या औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. नांगरांपाठोपाठ तिथे पंप होऊ लागले. १९२२ मध्ये धनजीशा कूपर यांनी सातारा रोडला कारखाना काढला आणि पुढच्या दशकात तिथे डिझेल इंजिने बनू लागली. इंजिन मळ्यावर आले, पण कारखान्यातला फिटर काही प्रत्येक मळ्यावर येणार नव्हता. टायमिंग चुकले की इंजिन धूर ओकणार, हँडल उलटे फिरून मनगट मोडणार आणि पाण्यावाचून ऊस वाळणार. म्हणून टॉप शोधणे गावातच कुणालातरी यावे लागले.

यात अडचण अशी, की टॉपजवळ पिस्टन जवळजवळ हलतच नाही. ७० मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात टॉपच्या ५ अंश अलीकडे तो पाव मिलिमीटरही खाली नसतो. प्लगच्या भोकात काडी घालून नजरेने ठरवले, तर चूक ठरलेलीच.

यावर उपाय आहे. बॅटरीची तार काढा, प्लग काढा. एक नंबरच्या भोकावर बोट ठेवून क्रँक हाताने, इंजिन फिरते त्याच दिशेने फिरवा. हवा बोट ढकलू लागली की पिस्टन दाबाच्या फेरीत वर येतोय असे समजा. कारण चार स्ट्रोकांत तो दोनदा वर येतो आणि दुसऱ्या वेळी नुसता धूर बाहेर टाकतो. आता पिस्टन थोडा खाली घेऊन भोकात त्याला टॉपच्या अलीकडे अडवणारा स्टॉपर पक्का बसवा. क्रँक हळूच फिरवा, पिस्टन टेकला की पुलीवर स्थिर काट्यासमोर खडूने खूण करा. मग उलट फिरवून तो पुन्हा टेकेल तिथे दुसरी. दोन्ही खुणांमधल्या लहान अंतराचा मध्य म्हणजे टॉप. स्टॉपर काढायला मात्र विसरू नका.

ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. कात्यायन शुल्बसूत्रात दिशा ठरवायला शंकू रोवून भोवती वर्तुळ काढायला सांगितले आहे. सावलीचे टोक सकाळी आणि दुपारनंतर वर्तुळाला जिथे शिवते, ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. माध्यान्हीला सावलीची लांबीही पिस्टनसारखीच थबकते. म्हणून तो क्षण न बघता दोन्ही बाजू मोजायच्या.

नव्या मोटारींत हे काम सेन्सर करतो. पण जुन्या गाडीवरची खूण गंजून पुसली असेल, तर अशी शोधलेली खूण पांढऱ्या रंगाने पक्की करून ठेवा. पुढे ती गाडी उघडणाऱ्याला तिचा उपयोग होईल.