उदगीरची जीत आणि पानिपतचा वाद

फेब्रुवारी १७६० मध्ये आपल्या उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं. त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफा कामी आल्या. हा इब्राहिमखान आधी निजामाच्याच चाकरीत होता.

पुढं पानिपतच्या मोहिमेत वाद झाला. मल्हारराव होळकरांची हयात गनिमी काव्यात गेलेली. जड तोफा आणि बायकापोरं मागं ठेवा, असं ते सांगत. उदगीर जिंकलेल्यांचा भरवसा तोफांवर. १४ जानेवारी १७६१ ला हार झाली. गारदी शेवटपर्यंत लढले, इब्राहिमखान पकडून मारला गेला.

आम्हाला वाटतं, दोघांचाही अनुभव खरा होता, फक्त लढाया वेगळ्या होत्या. आमच्या गटातही जुन्या वहीवर विसंबतात, नव्या मोबाइलवर. म्हणून निर्णयाआधी आम्ही दोघींचं ऐकतो.