बालाघाट प्रदेश (नागपूरकर भोसल्यांचा उत्तरकाळ)

वैनगंगेच्या खोऱ्यातला हा मुलूख (आजचा मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा) आधी गोंड राजांकडे होता, पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आला. भोसल्यांच्या कटक मोहिमेतील कामगिरीबद्दल पोवार समाजाला खोऱ्यात जमिनी मिळाल्या, असे परंपरा सांगते. तळी बांधून भातशेती वाढवण्यात पोवारांचा वाटा मोठा. त्यांची पोवारी बोली आजही मराठीच्या शेजारी नांदते.

1803 मध्ये अडगावला इंग्रजांकडून झालेल्या पराभवानंतर देवगावच्या तहाने भोसल्यांच्या हातून कटक आणि पश्चिम वऱ्हाड गेले. राज्याचा खर्च मात्र तसाच राहिला आणि त्याचा भार उरलेल्या गावांवर पडला. सारा दरसाल पाटलाशी ठरे. पुढल्या वर्षी गाव आपल्याकडे राहील याची पाटलाला खात्री नसे, मग तळ्याची पाळ दुरुस्त करायला तो पैसा का घालील? मुलखाच्या ऱ्हासाचे खरे मूळ लढाईपेक्षा या अनिश्चिततेत शोधावे लागते. त्यात पेंढाऱ्यांच्या धाडी. घाटावरच्या गोंड-बैगांचे जीवन मोह, कोदो-कुटकी आणि जंगलावर चाले. मीठ बंजाऱ्यांच्या बैलतांड्यांवर येई.

1817 मध्ये नागपूरचे आप्पासाहेब भोसले सीताबर्डीला इंग्रजांकडून हरले. 1818 मध्ये कामठा जमीनदारीच्या चिमणा पाटलाने बंड केले. ते मोडून ती जमीनदारी लोधी घराण्याला देण्यात आली. याच शतकाच्या पूर्वार्धात लक्ष्मण नाईकाने परसवाड्याच्या ओसाड पठारावर गावे वसवली. नागपूरचे राजे रघूजी तिसरे 1853 मध्ये निपुत्रिक वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले. बालाघाट जिल्हा 1867 मध्ये बनला.